येळवणीतलं 'वणी' म्हणजे काय? (पाणी, ताक, तेल, तूप यांचंही सांगा)

गडहिंग्लजची_लेक

नमस्कार मंडळी, होळीला पुरण घातलं तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय तो इथे विचारते. माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या, पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी निथळून घेतात त्याला त्या कट म्हणतात आणि त्याची कटाची आमटी. माझं माहेर गडहिंग्लज, आमच्याकडे तेच पाणी म्हणजे येळवणी आणि आमटीसुद्धा येळवणीची. लग्नाला चौदा वर्षं झाली, घरात दोन्ही शब्द चालतात, कुणी कधी विचारलं नाही. यंदा लेकीनं विचारलं, सहावीत आहे ती, की आई येळवणी म्हणजे काय गं, येळ म्हणजे वेळ का, आणि मग वणी म्हणजे? मला खरंच काही सांगता येईना. आईला फोन केला तर ती म्हणाली अगं आपल्यात असंच म्हणतात, तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं.

मग रात्री भांडी आवरताना लक्षात आलं की गुळवणीत पण वणी आहे आणि चिंचवणीत पण आहे, म्हणजे याच्यात काहीतरी असणारच ना?

आणि नुसतं येळवणीचंच नाही, पाणी, ताक, तूप, तेल, कढी हे शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतात आणि ते आले कुठून हे आपल्याला ठाऊक नाही याची मला आता चुटपुट लागलीय. माहीत असेल त्यांनी जरूर लिहा, तुमच्या गावात वेगळा शब्द असेल तर तोही सांगा.


फलटणचा_वारा

ताई, येळ म्हणजे वेळ नाही, येळणे. मोठ्या पातेल्यात भात शिजला की तोंडाला फडकं बांधून किंवा झाकण तिरकं धरून जास्तीचं पाणी ओतून काढायचं, त्याला भात वेळणे म्हणतात आणि आमच्या बोलण्यात येळणे. घरोघरी कुकर आले आणि ते काम गेलं, त्याबरोबर शब्दही गेला, पण गावात शंभर दीडशे पानांचा भात असला की आचारी अजून म्हणतो 'येळून घ्या रे'. डाळीचंही तेच, पुरणाची डाळ येळली की जे निघतं ते येळवणी.

वणीचं म्हणाल तर मला वाटतं ते नुसतं शेवटी लागतं, जसं पाठवणी, पेरणी, लावणी, पुरवणी. क्रियापदाला णी लागली की नाम होतं तसं. बाकी जाणकार सांगतीलच.


जुना_मास्तर

मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि या प्रश्नाने मनापासून आनंद झाला. फलटणकरांचं पहिलं म्हणणं अगदी बरोबर आहे, येळ हे वेळणे या क्रियापदातलंच. दुसरं मात्र मला पटत नाही. वणी म्हणजे पाणी.

का ते सांगतो. गुळवणी घ्या. गुळवणे असं क्रियापद मराठीत नाही, चिंचवणे पण नाही. पाठवणी मागे पाठवणे आहे, लावणी मागे लावणे आहे, इथे मागे नुसता गूळ आणि नुसती चिंच आहे. गूळ अधिक पाणी ते गुळवणी, चिंच अधिक पाणी ते चिंचवणी. खारं पाणी ते खारवणी, मिठाचं ते मिठवणी. संतांच्या पायाचं तीर्थ म्हणून घ्यायचं ते पायवणी, हा शब्द वारकरी मंडळींना वेगळा सांगायला नको. आता लिंग बघा. ती पाठवणी, ती लावणी, ती पेरणी, पण ते पाणी, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात ते गुळवणी, पोळी गुळवण्यात बुडवायची. आता आपण येळवणीची आमटी म्हणतो कारण आतलं पाणी आपल्याला ऐकू येईनासं झालंय, तो शब्द आपल्या कानाला लावणीसारखा वाटायला लागला.

मग प चा व कसा झाला? हा आपल्या भाषेचा फार जुना स्वभाव आहे, दोन स्वरांच्या मध्ये एकटा प सापडला की तो मऊ पडून व होतो. संस्कृतातला दीप मराठीत दिवा झाला, कपाट चं कवाड झालं, सपत्नी ची सवत झाली, नापित चा न्हावी झाला. कच्छप चा कासव झाला तोही याच वाटेने. पण शब्दाच्या सुरुवातीला प असला तर तो टिकतो, म्हणून एकटं असताना ते पाणी आणि गुळाच्या मागे जाऊन बसलं की वणी. एकाच शब्दाला घरात एक नाव आणि बाहेर एक नाव असतं ना, तसं.

आणि पाणी तरी कुठून आलं, तर पानीय. पा म्हणजे पिणे, पानीय म्हणजे पिण्याजोगं. म्हणजे पाणी हे मुळात त्या वस्तूचं नाव नव्हतंच, विशेषण होतं. वस्तूची नावं जल, उदक, अप् अशी होती, ती पूजेत आणि पोथीत राहिली आणि रोजच्या तोंडी 'पिण्याचं' एवढंच राहिलं. त्यामुळे आज आपण पिण्याचं पाणी म्हणतो तेव्हा दोनदा पिण्याचं म्हणतो.

याच पा धातूचा आणखी एक शब्द होता, प्रपा, म्हणजे वाटसरूंना पाणी पाजायची जागा. नाशिकच्या पांडवलेण्यात दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने दमण, तापी, डहाणूची नदी अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि दोन्ही काठांवर सभा आणि प्रपा बांधल्या असं कोरलेलं आहे. मी मुलांना सहलीला तिथे नेत असे आणि त्या एका शब्दावर बोट ठेवून दाखवत असे, की बघा, उन्हातान्हात चालणाऱ्याला पाणी द्यावं ही गोष्ट आपल्या मातीत केव्हापासून लिहून ठेवलेली आहे.


गडहिंग्लजची_लेक

मास्तर, काय सांगू, वाचून अंगावर काटा आला. म्हणजे आई, आजी, पणजी सगळ्या जणी पाणीच म्हणत होत्या आणि मला ते ऐकू येत नव्हतं. लेकीला वाचून दाखवलं, तिनं लगेच विचारलं मग दिव्याला दीप आणि दिवा दोन्ही का म्हणतात, तेही आता सुटलं.

आता तेलाचं कुणीतरी सांगा ना. खोबरेल मधलं एल म्हणजे तेलच ना?


दापोलीकर

हो, खोबरेल म्हणजे खोबऱ्याचं तेल, एरंडेल म्हणजे एरंडाचं, करंजेल म्हणजे करंजाचं. आमच्याकडे किनाऱ्यावर उंडीची झाडं असतात त्याच्या बियांचं उंडेल, पूर्वी दिव्याला आणि होड्यांना लावायला वापरायचे. तर हे सगळे एल म्हणजे झिजलेलं तेल.

पण खरी गंमत तेल या शब्दातच आहे. तेल म्हणजे तैल आणि तैल म्हणजे तिळापासून निघालेलं. म्हणजे तेल म्हणजे फक्त तिळाचंच, बाकी कशाचं तेल असूच शकत नाही! हळूहळू तिळाचा विसर पडला आणि जे जे चिकट आणि दिव्यात जळणारं ते सगळं तेल झालं, मग खोबऱ्याचं तेल, सरकीचं तेल, आणि शेवटी तिळाचं तेल असंही म्हणायची पाळी आली. इंग्रजीत पण अगदी हेच झालंय, ऑइल हा शब्द लॅटिन ओलेउम वरून आणि तो ग्रीकांच्या ऑलिव्हवरून, त्यांच्याकडे ऑलिव्ह तर आपल्याकडे तीळ, ज्याच्या घाण्यात जे पडलं त्याचं नाव सगळ्या तेलांना बसलं.

आता रॉकेल घ्या. लहानपणी मला वाटायचं रॉक नावाचं काहीतरी झाड असणार ज्याचं हे रॉकेल, खोबरेल एरंडेल सारखं. तर ते रॉक ऑइल, खडकातलं तेल, पेट्रोलियम या शब्दाचा अर्थही तोच, पेत्रा म्हणजे खडक. रॉक ऑइल आलं आणि आपल्या एल वाल्या रांगेत बरोब्बर जाऊन बसलं, मला तर वाटतं तो शब्द इतका पटकन मराठी झाला तो याच्यामुळेच. आणि आमच्या आजीच्या तोंडी रॉकेल नव्हतंच, घासलेट. ते गॅसलाइट वरून, घासलेटची बाटली, घासलेटचा डबा, रेशनवर घासलेट आलं का. केरोसीन हा शब्द मात्र अब्राहम गेसनर नावाच्या कॅनडातल्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये स्वतः बनवून रजिस्टर केलेला, ग्रीक केरोस म्हणजे मेण त्यावरून, कागदावर तोच असतो पण आमच्या वाडीत तो कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.


बेळगावचा_राजा

मी तूप आणि ताकाचं सांगतो कारण आमच्या घरी दोन भाषा आहेत, वडिलांकडे मराठी आणि आईकडे कन्नड, त्यामुळे हे शब्द मला लहानपणीच शेजारी शेजारी सापडले. आई कन्नडमध्ये तुपाला तुप्प म्हणते. लहान असताना मला वाटायचं आई मराठीच बोलतेय पण जोर देऊन. हिंदीत घी आहे, गुजरातीत घी आहे, ते सगळे संस्कृतातल्या घृतावरून आले, पण मराठी त्या रांगेत नाही, मराठीत तूप आहे, प्राकृतात तुप्प होतं आणि कन्नडात आजही तुप्प आहे. म्हणजे पोळीवर काय वाढायचं या बाबतीत मराठी माणूस दक्षिणेकडे तोंड करून बसलेला आहे. हे मला फार जवळचं वाटतं, आमच्याकडे भाषेवरून इतकी भांडणं होतात आणि दोन्हीकडच्या पंगतीत वाढपी एकच शब्द ओरडत फिरतो.

लोण्याबद्दल पुष्कळ जण म्हणतात की ते लवण म्हणजे मिठावरून आलं, पण घरच्या ताज्या लोण्यात कोण मीठ घालतं? ते नवनीत वरून आलं, नवनीत म्हणजे ताजं ताजं काढलेलं, पहिल्या न चा ल झाला आणि मधला भाग दाबला जाऊन लोणी.

आणि ताक म्हणजे तक्र. यात मला अमरकोशातली, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशातली, एक ओळ माहीत आहे, आजोबांनी पाठ करून घेतली होती: तक्रं ह्युदश्विन्मथितं पादाम्ब्वर्धाम्बु निर्जलम्. म्हणजे पाव भाग पाणी घालून घुसळलं तर तक्र, निम्मं पाणी घातलं तर उदश्वित्, आणि पाणी न घालता नुसतं घुसळलं तर मथित. पाण्याच्या मापावरून तीन वेगळी नावं! आज आपण सगळ्याला ताकच म्हणतो, फार तर घट्ट ताक, पातळ ताक. आणि आम्ही उन्हाळ्यात ग्लासभर पाण्यात दोन चमचे दही घालून जे पितो त्याला अमरसिंहाने काय नाव दिलं असतं देव जाणे, त्याच्या यादीत इतकं पातळ बसत नाही.


सुरेख_अक्षर

छान चाललंय. मी मूळची बीडची, आजोबा उर्दू मिडीयममध्ये शिकले होते निजामाच्या काळात, त्यांच्यामुळे मला काही शब्द ठाऊक आहेत ते लिहिते.

गुलाब. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, फारसी. म्हणजे गुलाब हे आधी फुलाचं नाव नव्हतंच, ते त्या सुगंधी पाण्याचं नाव, आणि आपण गुलाबपाणी म्हणतो तेव्हा फूल पाणी पाणी असं म्हणतो. अरबांच्या तोंडी ग नाही म्हणून त्याचं जुलाब झालं, गुलाबाचं गोड पाक घातलेलं पाणी. हकीम लोक त्यातून औषधं द्यायचे, पोट साफ करायचं औषधही त्यातूनच, आणि होता होता आपल्याकडे त्या औषधाच्या परिणामालाच जुलाब म्हणायला लागले. एकाच शब्दाची दोन टोकं, एक अत्तरदाणीत आणि एक दवाखान्यात.

याच आब वरून आबरू, म्हणजे चेहऱ्याचं पाणी, चेहऱ्यावरचं तेज. आपण मराठीत पण माणूस पाणीदार आहे म्हणतो ना, मोत्याला पाणी आहे म्हणतो, विचार तोच. आबदार पण त्यातलाच, आणि दारू गाळण्यावर कर घेणारं आबकारी खातं पण. वरती मास्तरांनी अप् म्हटलंय तो संस्कृत शब्द आणि हा फारसी आब सख्खी भावंडं आहेत.

सरबत अरबीतलं, त्याचा धातू पिणे, आणि शराब पण त्याच धातूचा, म्हणजे पेय एवढाच अर्थ. म्हणजे आपलं पाणी आणि त्यांची शराब, दोघांचा मूळ अर्थ 'प्यायचं' हाच. दारू मात्र फारसीत औषध. आपण दवादारू केली म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ जिवंत असतो. बंदुकीची दारू पण तिथूनच, औषधासारखी कुटलेली पूड म्हणून असावी, तमिळमध्येही मरुंदु हा एकच शब्द औषधाला आणि बंदुकीच्या दारूला आहे.

आणि शाई. सियाही म्हणजे काळेपणा. लाल शाई म्हणजे लाल काळेपणा. मास्तर, तुम्ही आयुष्यभर ज्याने वह्या तपासल्या ते हेच.


फोंड्याचो_पाव्स

आमच्याकडे गोव्यात कोंकणीत पाण्याला उदकच म्हणतात, रोजचं, पूजेतलं नाही. दुकानात जाऊन उदक दी म्हटलं की पाण्याची बाटली मिळते. मराठीत तुम्ही उदक सोडणे, उदकशांत असं फक्त धार्मिक कामात म्हणता, मुंबईच्या मित्राला मी पहिल्यांदा उदक म्हटलं तेव्हा तो म्हणाला तू भटजीसारखा का बोलतोस. पण हा शब्द फार दूरवर पसरलेला आहे, इंग्रजीचं वॉटर, रशियनचं वोदा, ग्रीकांचं हायड्रो हे सगळे याच्याच कुळातले, आणि व्होडका म्हणजे रशियनमध्ये छोटंसं वोदा, पाणीलं म्हणा हवं तर. समुद्रात पण तोच उद आहे. बेळगावच्या राजांनी लिहिलेल्या उदश्वित् मध्ये पण तोच.

आणि आमची फेणी फेन म्हणजे फेसावरून. काजूच्या बोंडांचा रस आंबवून एकदा उकळून गाळला की उर्राक, ती एप्रिल मे मध्ये पिऊन संपवायची, टिकत नाही. ती परत गाळली की फेणी. उर्राक हा अरबी अरक वरून, अरक म्हणजे घाम! भट्टीत वाफ थंड होऊन थेंब थेंब जमतो तो घामासारखा म्हणून. मराठीत ओव्याचा अर्क म्हणता तो अर्कही हाच, संस्कृतातला सूर्य म्हणजे अर्क तो वेगळा. आणि काजू तर पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला, नावासकट. म्हणजे एका बाटलीत झाड ब्राझीलचं, कृतीचं नाव अरबी आणि फेस संस्कृत. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळाला.


फलटणचा_वारा

मास्तर, पटलं, वणीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. लिंगाचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. आता एक विचारतो, कढी आणि काढा एकच का? आणि आमटी?


जुना_मास्तर

कढी आणि काढा बहीणभाऊच. संस्कृतात क्वथ् म्हणजे उकळणे, त्याचा क्वाथ म्हणजे वैद्याचा काढा, आणि कढणे म्हणजे उकळत ठेवणे. दूध कढवतो आपण, तूप कढवतो, ताक कढवलं की कढी. स्वयंपाकघरात कढी आणि आजारपणात काढा, चूल एकच. आमटी ही आंबट वरून, त्यामुळे चिंच किंवा आमसूल न घालता केलेल्या डाळीला माझी आई आमटी म्हणू द्यायची नाही, ते वरण. तिला व्युत्पत्ती ठाऊक नव्हती पण शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक होता.

दूध राहिलंच. दुह् म्हणजे धार काढणे, दुग्ध म्हणजे धार काढलेलं. बघा म्हणजे, पाणी पिण्याजोगं, दूध काढलेलं, कढी उकळलेली, येळवणी वेळून घेतलेलं. पातळ वस्तूला स्वतःचा आकार नसतो ना, म्हणून आपल्या लोकांनी तिला तिच्यावर काय केलं त्यावरून ओळखलं असावं, असं मला वाटतं. तेल तेवढं त्यात बसत नाही, ते तिळाकडे बोट दाखवतं.


गडहिंग्लजची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, लेकीनं वहीत सगळं उतरवून घेतलंय, लाल शाईनं.

काल परत आईला फोन केला आणि वणी म्हणजे पाणी हे सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, अगं मग हळदवणी पण त्यातलंच की. मी म्हटलं कसलं हळदवणी? तर म्हणाली लग्नात हळद उतरवताना परातीत हळद कालवलेलं पाणी असतं त्याला आजी हळदवणी म्हणायची, तुझ्या लग्नात तिनंच कालवलं होतं. मी त्या परातीसमोर बसले होते, आणि तो शब्द मला काल पहिल्यांदा ऐकू आला.

अजून कुणाकडे वणी असलेले शब्द असतील तर लिहा, वहीत दोन पानं रिकामी ठेवलीत.